चार जणांची नावं यादीत घातली, त्याचा हा अनुभव

कराडात माझी खानावळ आहे. दोन वेळचे मिळून साठ-पासष्ट डबे जातात आणि तेवढीच मुलं पानावर जेवायला येतात. बहुतेक बाहेरगावची, लातूर, जालना, सांगोला अशी कुठली कुठली. मी एरवी मिक्सर, शेगडी, कणीक मळायचं मशीन असल्या वस्तू वापरून बघितल्या की त्याबद्दल लिहिते. कुणीतरी लिहिलेलं वाचूनच मीही घेते, म्हणून आपणही लिहावं असं मला वाटतं. या वेळी वस्तू नाही, सेवा आहे. मतदार यादीत नाव घालायची सेवा. गेल्या वर्षभरात माझ्या हातून चार जणांचे अर्ज गेले: लेकीचा, सासूबाईंचा, पोळ्या करणाऱ्या मावशींचा आणि मेसमधल्या एका मुलाचा. चौघांच्या चार तऱ्हा होत्या, त्यामुळं या सेवेची बरीचशी बाजू बघून झाली. मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा कशाला कापला ते ओघात येईलच.

सुरुवात लेकीपासून. तिचा जन्म ९ फेब्रुवारी २००७ चा. मी स्वतः १९७७ च्या मार्चमधली. माझ्या वेळी वर्षातनं एकच तारीख धरायचे, १ जानेवारी. त्या दिवशी अठरा पूर्ण असतील तरच नाव. मला मार्च १९९५ ला अठरा झाली, पण यादीसाठी मी १९९६ च्या १ जानेवारीला पात्र ठरले. तोवर नुसतं बघत बसायचं. माझा थोरला भाऊ म्हणतो, तू तरी अठराव्या वर्षी. त्याच्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत वय एकवीस होतं. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं ते अठरावर आणलं, १९८९ च्या मार्चपासून ते लागू झालं आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला त्यानं पहिलं मत दिलं.

आता चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. २०२२ च्या ऑगस्टपासून हे चालू झालं. सतरा पूर्ण झाली की अर्ज आगाऊ देता येतो, पुढं ज्या तारखेला अठरा भरतात त्या तिमाहीत त्यावर निर्णय होतो. मला हे माहीत नव्हतं. बारावीच्या परीक्षेच्या गडबडीत अंगणवाडीच्या ताई (त्याच आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे घरोघरी फिरून मतदार यादीचं काम बघणाऱ्या) डबा न्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "वहिनी, पोरीचं नाव आत्ताच टाका, एप्रिलच्या तारखेत बसतीय." जुना नियम असता तर लेकीला १ जानेवारी २०२६ पर्यंत थांबावं लागलं असतं. आणि मग नगरपरिषदेची निवडणूक हुकली असती, कारण ती डिसेंबर २०२५ मध्ये झाली आणि तिच्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. नगरपालिका, झेडपी, पंचायत समिती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतःची वेगळी नोंदणी नसते. विधानसभेची यादीच घेऊन तो प्रभागाप्रमाणं फोडतो. म्हणून 'नगरपालिकेच्या वेळी बघू' असं म्हणून चालत नाही. त्या यादीची तारीख आधीच ठरून गेलेली असते.

लेकीचा अर्ज निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर, म्हणजे वेबसाइटवर, ऑनलाइन भरला. नवीन नावासाठी सहा नंबरचा फॉर्म. मोबाईल नंबर टाकून खातं काढायचं, ओटीपी येतो, मग राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ निवडायचा. नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप उमटतं. इथं घाई करू नका. मशीन आपलं नाव कानानं ऐकत नाही, इंग्रजी अक्षरांवरनं जुळवतं, त्यामुळं ळ चा ल होतो, ण चा न होतो, ऱ्हस्व-दीर्घ उलटं पडतं. मराठी रकान्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचायचं आणि चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करायचं. यादी मराठीत छापली जाते, कार्डावरही मराठी नाव वर असतं. मी दोनदा वाचून तिसऱ्यांदा लेकीला वाचायला लावलं.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, पासपोर्टसारखा. जन्मतारखेला जन्मदाखला किंवा आधार किंवा दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. पॅन, लायसन्स, पासपोर्टही चालतात. पत्त्याच्या पुराव्याला लाइटबिल दिलं. बिल तिच्या बाबांच्या नावावर आहे. मुलांच्या अर्जाला आईवडिलांच्या नावाचा पुरावा चालतो, तेवढ्यासाठी धावाधाव करायला लागत नाही. घरातल्या एका मतदाराचा कार्ड नंबर विचारतात, तिथं माझा टाकला. त्यानं घरातली नावं यादीत एकाखाली एक येतात आणि मतदान केंद्रही एकच मिळतं. शेवटी एक संदर्भ क्रमांक येतो. तो नुसता स्क्रीनवर बघून सोडू नका, वहीत लिहा. मी डब्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिला. त्या नंबरावर अर्ज कुठपर्यंत आला ते दिसतं: बीएलओ नेमला, घरी तपासणी झाली, मंजूर झाला. ताई एका दुपारी येऊन लेकीला भेटून गेल्या, कागद ताडून बघितले. कार्ड पोस्टानं घरी आलं. एक रुपया लागला नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं मावशींचं सांगायचं आहे.

आधारच्या रकान्याबद्दल खूप जण विचारतात. फॉर्ममध्ये आधार क्रमांकाचा रकाना आहे, पण तो दिलाच पाहिजे असं नाही. निवडणूक आयोगानं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसं सांगितलं आहे. आम्ही दिला, कारण लेकीला त्यात काही अडचण वाटली नाही. ज्यांना द्यायचा नाही त्यांनी त्यापायी अर्ज अडवून ठेवू नये.

आता आक्का. म्हणजे माझ्या सासूबाई. पाटण तालुक्यातल्या डोंगराकडंच्या गावात सगळं आयुष्य गेलं. कोयनेचा भूकंप झाला, १९६७ च्या डिसेंबरमधला, तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या, रात्री आईनं गोधडीसकट उचलून अंगणात नेलं ते अजून सांगतात. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडं कराडला आल्या. त्याला तीन वर्षं झाली. मत मात्र गावाकडंच. लोकसभेला गेल्या, विधानसभेला गेल्या, गाडीत बसून कंबर धरून परत आल्या. गेल्या वर्षी म्हणाल्या, "आता माझं हितंच करा."

घर बदललं तर आठ नंबरचा फॉर्म. पूर्वी मतदारसंघ बदलला की पुन्हा सहा नंबरच भरायला लागायचा, २०२२ पासून पत्ता बदल, दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, अपंगत्वाची नोंद हे सगळं आठमध्ये आणलं. आम्ही तो भरायला बसलो आणि गावची यादी उघडून बघितली, तर आक्कांच्या वर मामंजींचं नाव तसंच. वय वाढत वाढत एकोणऐंशी झालेलं. आक्का चष्मा लावून मोबाईलवर बघत राहिल्या. कुणाच्या हलगर्जीपणामुळं ते राहिलं असं मी म्हणणार नाही. घरातल्यांनी कळवायला हवं होतं, आम्ही कळवलं नव्हतं. मृत्यूचा दाखला काढला, बँकेत दिला, सातबाऱ्याला वारस लावले, पण यादीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म लागतो. आणि तो त्याच मतदारसंघातल्या मतदारानं भरायचा असतो. म्हणजे मी किंवा माझे मालक भरू शकत नव्हतो, आमची नावं कराडला. भरू शकत होत्या त्या आक्काच, आणि त्यासुद्धा पाटणच्या यादीत होत्या तोवरच. आधी त्यांचं नाव इकडं हलवलं असतं तर मामंजींच्या नावासाठी गावातल्या दुसऱ्या कुणाला तरी गळ घालावी लागली असती. म्हणून क्रम असा लावला: आधी सात, मग आठ. आक्कांनी सातवर सही केली. चौथी शिकल्यात, सही मोठ्या अक्षरात करतात. कारणांच्या रकान्यात 'मृत्यू' वर खूण करायची होती, ती म्हणाल्या मीच करते. खूण केली आणि पेन बाजूला ठेवून थोडा वेळ बसल्या. मी चहा टाकायला उठले.

ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांना मी कळकळीनं सांगते, हा फॉर्म राहू देऊ नका. गेलेल्या माणसाच्या नावावर दुसरं कुणी मत टाकून जाईल ही भीती तर आहेच, पण आपल्या माणसाचं नाव तिथं असं बेवारस लटकत राहू नये असंही मला वाटतं.

आठचा फॉर्म सोपा गेला. कार्डाचा नंबर टाकला की जुनी माहिती समोर येते, नवा पत्ता घालायचा. वयाचा पुरावा पुन्हा मागत नाहीत. गावच्या यादीतलं नाव काढायला वेगळा अर्ज लागला नाही, इकडं नाव लागलं की तिकडचं निघतं. कार्डाचा नंबर जन्मभर तोच राहतो. एकच गोष्ट लक्षात ठेवा: आठमध्ये चार कारणं छापलेली असतात, पण एका अर्जात त्यातलं एकच निवडायचं. आक्कांचं नाव द्वारका. जुन्या यादीत 'दारका' होतं. आम्हाला वाटलं पत्त्याबरोबर तेही उरकेल, पण त्यासाठी दुसरा आठ नंबर भरला, सोबत आधारची प्रत जोडली. त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, सगळी दारकाच म्हणत्यात." मी म्हटलं, म्हणू देत, छापताना नीट छापलेलं बरं.

इथं तो अर्धा गुण. फॉर्मची मराठी जड आहे. 'अर्हता दिनांक', 'सर्वसाधारण रहिवासी', 'प्रविष्टी', ही भाषा आक्कांसारख्या चौथी शिकलेल्या बाईला वाचून कळत नाही, बारावी झालेल्या माझ्या लेकीलाही 'अर्हता' काय ते विचारावं लागलं. आपलं नाव आपण घालावं अशी ज्या कागदाची अपेक्षा आहे, तो मोठ्यानं वाचला तर स्वयंपाकघरात बसलेल्या बाईला समजला पाहिजे. 'कोणत्या तारखेला अठरा पूर्ण हवीत' असं लिहिलं तर कायदा काही मोडत नाही.

मावशींचं सांगायचं तर जरा मागं जावं लागेल. त्या बीड जिल्ह्यातल्या. आईबाप ऊसतोडीला यायचे, त्यांच्याबरोबर लहानपण कारखान्याच्या फडात गेलं, लग्न झालं तेही तोडीतल्याच घरात. नवरा सोडून गेला तेव्हा दोन पोरं घेऊन त्या कराडलाच राहिल्या. आज वय एक्केचाळीस, माझ्याकडं नऊ वर्षं पोळ्या करतायत, रोजच्या साडेतीनशे. एकदाही मत दिलेलं नव्हतं. गावात होत्या तेव्हा हंगामात इकडं, आणि इथं राहिल्यावर आपण इथल्या आहोत असं कुणी म्हटलं नाही.

त्या आधी एकदा प्रयत्न करून बसल्या होत्या. एका झेरॉक्सच्या दुकानात गेल्या, तिथल्या माणसानं दोनशे रुपये घेतले आणि फॉर्म भरला म्हणून सांगितलं. सहा महिने काहीच नाही. विचारायला गेल्या तर संदर्भ क्रमांक नाही, कारण मोबाईल नंबर दुकानदारानं स्वतःचा टाकलेला. मावशींचा दिवस भरायला सकाळी साडेपाचला उठावं लागतं. त्या दोनशे रुपयांचा मला आजही राग येतो. या कामाला फी नाही. पैसे कुणी मागितले तर ते टाइप करायचे आहेत, सरकारचे नाहीत, आणि तेही तुम्ही देऊ नका, कारण बीएलओ कागदाचा फॉर्म फुकट देतात आणि भरायला मदतही करतात. कुणाला भरायला दिलाच तरी मोबाईल नंबर तुमचाच टाका.

आमच्या ताई संध्याकाळी पोळ्या संपायच्या वेळेला आल्या आणि कट्ट्यावर बसून मावशींचा सहा नंबर हातानं, मराठीत भरला. त्याआधी मी पोर्टलवर मावशींचं नाव शोधलं, गावाकडं कुठं असेल तर. असतं तर सहा नाही, आठ भरायला लागला असता. सहामध्ये शेवटी लिहून द्यायचं असतं की माझं नाव दुसरीकडं कुठल्याच यादीत नाही. ते खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नाव कुठंच निघालं नाही.

पत्त्यापाशी अडलं. खोली भाड्याची, लाइटबिल घरमालकाचं, आणि घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नाही. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्यानं सक्तीचं आहे, तरी कितीतरी लोक तोंडी बोलीवरच राहतात. मावशी म्हणाल्या, "घर माझं न्हाई, मग नाव कसं लागंल?" ताईंनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. म्हणाल्या, "घर कुणाचं ते आम्ही बघत नाही. तुम्ही राहता का ते बघतो." आणि खरंच कायदा तसाच आहे. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि घर नाही म्हणून रहिवासी नाही असंही होत नाही. काही दिवस बाहेर गेलं म्हणून रहिवास तुटत नाही, म्हणूनच हंगामात तोडीला आलेल्यांचं गावाकडचं नाव कायम राहतं. ज्यांना डोक्यावर छप्परच नाही, पुलाखाली नाहीतर देवळाच्या ओवरीत झोपतात, त्यांच्याकडं पत्त्याचा कागद मागत नाहीत. बीएलओनं रात्री तिथं जाऊन, एकदा नाही तर जास्त वेळा, तो माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघायचं असतं. हा नियम मला ठाऊक नव्हता. ऐकल्यावर या व्यवस्थेबद्दल माझ्या मनातला आदर वाढला.

मावशींचं पोस्टाचं पासबुक होतं. त्यावर जुना पत्ता होता, तो आधी पोस्टात बदलून घेतला आणि तेच जोडलं. आधारवर जन्मतारीख होती, ती वयाला चालली.

मग नात्याचा रकाना आला. वडील, आई, पती, पत्नी यांपैकी एक निवडून त्यांचं नाव लिहायचं. अनाथ असेल तर पालक, तृतीयपंथी असेल तर गुरू, असेही पर्याय आहेत. मावशी पोळपाट पुसत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, "बापाचं लिवलं तर चालतंय का?" ताई म्हणाल्या, "चालतंय की. तुमचं तुम्ही ठरवायचं." मावशींनी वडिलांचं नाव सांगितलं.

मला त्या वेळी एक वाचलेली गोष्ट आठवली. देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ ची. यादी करताना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की बाईचं स्वतःचं नाव हवं. ज्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही अशा सुमारे २८ लाख बायका यादीतून बाहेर राहिल्या, जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत. कठोर वाटतं, पण पुढच्या वेळी त्या स्वतःच्या नावानं आल्या. मावशी एक्केचाळिसाव्या वर्षी बापाच्या नावानं आल्या. फॉर्मच्या खालची पावती ताईंनी फाडून दिली, ती मावशींनी घडी करून पोस्टाच्या पासबुकात ठेवली.

नाव लगेच लागत नाही, मध्ये हरकतीला सात दिवस ठेवतात. नामंजूर झालंच तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं, त्यावर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं. आमच्यापैकी कुणावर ती वेळ आली नाही.

चौथा मेसमधला मुलगा, जालन्याचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मावशींचा फॉर्म चालला होता तेव्हा तो ताक मागायला आत आला आणि म्हणाला, "काकू, माझं इथं होईल का?" होतं. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलाला गावाकडं किंवा शिकतो तिथं, दोन्हीपैकी एक निवडता येतं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि निदान एक वर्षाचा हवा, आणि कॉलेजच्या प्रमुखांचं बोनाफाईड लागतं. त्याचा पुढचा प्रश्न सगळीच मुलं विचारतात: "गावाकडचं राहू दे, इथंही घालतो, चालेल ना?" नाही चालत. एका माणसाचं नाव देशात एकाच ठिकाणी. मी त्याला सांगितलं, पुढची दोन वर्षं तू मतदानाला जालन्याला जाणार आहेस का, ते स्वतःला विचार. एसटीनं रात्रभराचा प्रवास आहे. त्यानं दोन दिवस विचार केला, घरी फोन केला, आणि इथं घातलं. त्याचं गावी नाव लागलेलंच नव्हतं, त्यामुळं सहा नंबर चालला.

त्याच्यामुळं जेवणाच्या टेबलावर रोज प्रश्न सुरू झाले. कोण मतदार होऊ शकतं हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता आमटी वाढता वाढता सांगते. भारताचा नागरिक हवा, ठरलेल्या तारखेला अठरा पूर्ण हवीत, आणि तिथं राहणारा हवा. शिक्षण, कर, जमीनजुमला याची काही अट नाही. न्यायालयानं मनोरुग्ण ठरवलेला माणूस आणि निवडणुकीतल्या भ्रष्ट प्रकारांसाठी अपात्र ठरवलेला माणूस, यांचं नाव लागत नाही. एका मुलाचा मामा मस्कतला आहे, त्याचं विचारलं. नागरिकत्व भारताचंच ठेवलेलं असेल तर ६अ फॉर्म भरून पासपोर्टवरच्या इथल्या पत्त्यावर नाव लागतं. त्यांना कार्ड मिळत नाही, मतदानाला इथं प्रत्यक्ष यावं लागतं आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. तिकडं बसून मत देता येत नाही. पदवीधर मतदारसंघाचं एका मुलीनं विचारलं. ती यादी वेगळी, दर वेळी नव्यानं होते, १८ नंबरचा फॉर्म, आणि पदवी मिळून १ नोव्हेंबरला तीन वर्षं झालेली लागतात. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून त्या यादीत आपोआप येत नाही.

सगळ्यांत जास्त गैरसमज कार्डाबद्दल आहे. कार्ड खिशात आहे म्हणजे मत आहे असं नव्हे. यादीत नाव पाहिजे. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांतलं काहीही दाखवून मत देता येतं. उलट कार्ड नवंकोरं आहे आणि नाव कमी झालं असेल तर परत यावं लागतं. म्हणून दर निवडणुकीच्या बऱ्याच आधी पोर्टलवर किंवा मोबाईलवरच्या अॅपमध्ये आपलं नाव शोधून यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. ज्यांना ते जमत नाही त्यांना १९५० या नंबरावर फोन करता येतो. कायद्यानं उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर कुणाचंही नाव यादीत जात नाही, आणि तपासणीला दिवस लागतात, त्यामुळं निवडणूक जाहीर झाल्यावर पळत सुटण्यात अर्थ नसतो.

ताईंबद्दल थोडं. बीएलओ म्हणजे कुणी वेगळा अधिकारी नसतो. शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, असंच कुणीतरी, स्वतःचं काम सांभाळून हे करणारं. आमच्या ताई सकाळी पोरांना खिचडी वाढतात, दुपारी पोषणाची रजिस्टरं भरतात आणि उन्हं कलली की याद्या घेऊन फिरतात. मावशींच्या खोलीवर त्या दोनदा गेल्या, पहिल्यांदा मावशी माझ्याकडं होत्या म्हणून. माझे साडेचार गुण पोर्टलला आहेत, पण त्यातले निम्मे तरी ताईंचे. तुमच्या भागाचे बीएलओ कोण ते पोर्टलवर नावानिशी सापडतं. त्यांना एकदा भेटून ठेवा आणि त्या घरी आल्या तर दारातून बोलून पाठवू नका, पाणी विचारा.

डिसेंबरमध्ये लेक आणि मावशी बरोबरच गेल्या मतदानाला. मावशींनी त्या दिवशी पोळ्या आदल्या दिवसापेक्षा तासभर आधी उरकल्या. आक्कांचं दुरुस्तीचं कार्ड त्यानंतर आलं. पोस्टमननं नाव पुकारलं, "द्वारकाबाई कोण?" तेव्हा त्या आतल्या खोलीतनं "मी, मी" करत स्वतः बाहेर आल्या.

खानावळीच्या गल्ल्यात कूपनांच्या वहीखाली मी आता सहा आणि आठ नंबरचे कोरे फॉर्म ठेवलेत, ताईंनी दिलेले. लातूरच्या दोघांचं बोनाफाईड सोमवारी मिळणार आहे. एकाचं नाव गावाकडं आहे, एकाचं नाही, म्हणजे एकाला आठ, एकाला सहा.